मेलचा मायना

काल अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याला तू पाठवलेला मेल पाहिला. सुरुवात ‘हाय सर’ने आणि शेवटी नुसता अंगठा! अरे, टपरीवर ‘काय बे’ चालतं, चादरींचा दर विचारताना नाही.

मराठीत पहिल्यांदाच लिहितोयस तर ‘मा. महोदय, स.न.वि.वि.’ लिही. म्हणजे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’. नमस्कार त्यातच आला, खाली परत ‘नमस्कार’ नको. शेवटी ‘कळावे, आपला विश्वासू’. ‘लोभ असावा’ घरच्या पत्रात गोड वाटतं. मी एकदा थकबाकीच्या मेलमध्ये लिहून बसलो. समोरच्यानं लोभ ठेवला, पैसे काही पाठवले नाहीत.

इंग्रजीची ब्रिटिश रीत अशी: नाव ठाऊक नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ आणि खाली ‘युवर्स फेथफुली’, नावानं सुरुवात केलीस तर ‘युवर्स सिन्सिअरली’. रोजच्या व्यवहाराला ‘रिगार्ड्स’ पुरे. नावावरून बाई की बुवा कळत नसेल तर सरळ पूर्ण नाव घाल, अंदाज नको. चौथ्या-पाचव्या उत्तराला मायना गळला तरी कुणी रागावत नाही. तुझं नाव आणि मोबाइल नंबर मात्र प्रत्येक मेलखाली हवाच.