चालत्या गाडीत व्होल्टमीटरचा आकडा सारखा बदलतो: दोष बॅटरीचा की अल्टरनेटरचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: लायटरच्या सॉकेटमध्ये व्होल्टमीटर लावला आहे, गाडी सुरू केल्यावर १४.५ दिसतं, सरळ रस्त्यावर १३.२ होतं, कधी चक्क १२.७ आणि ब्रेक दाबला की १४.९. मग बॅटरी बदलायची की अल्टरनेटर?

एवढ्यावरून दोन्हींपैकी काहीही बदलू नका. हा आकडा बिघाडाचा असेलच असं नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. इंजिन चालू असताना दिसणारं व्होल्टेज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र, ठरवतो. बॅटरीची तब्येत कळते ती इंजिन बंद असताना आणि सेल मारताना, म्हणजे स्टार्टर फिरवताना. १४.२ दिसतंय म्हणून बॅटरी ठणठणीत आहे, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी सकाळी अडकतात.

बॅटरीत सहा सेल (वेगवेगळे कप्पे) असतात आणि पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून एकूण १२.६. तिच्यात करंट ढकलायचा तर बाहेरचं व्होल्टेज त्याहून बरंच वर हवं. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या गाड्यांमध्ये रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग, ते १३.८ ते १४.५ च्या आसपास धरून ठेवतो. हे काम तो रोटरच्या (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाच्या) गुंडाळीतला करंट कमी-जास्त करून करतो. थंड बॅटरी चार्ज घ्यायला कुरकुरते, म्हणून थंडीत हा आकडा १४.८ पर्यंत जातो. बॉनेटखाली सगळं तापलं की १३.५ पर्यंत उतरतो. दोन्ही ठीक.

तुमचं वर्णन मात्र नव्या पद्धतीच्या गाडीचं वाटतं. त्यात अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिनचा कंप्युटर ठरवतो. अॅक्सिलरेटर दाबला की तो अल्टरनेटरचा भार काढून घेतो, म्हणजे इंधन वाचतं; तेव्हा १२.५ ते १२.८ दिसू शकतं. पाय काढला किंवा ब्रेक लावला की १४.८-१५ पर्यंत चढवून फुकटची ऊर्जा बॅटरीत भरून घेतो. ती भरायला जागा हवी, म्हणून अशा गाड्या बॅटरी मुद्दामच पूर्ण भरत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पवर एक छोटी डबी आणि तिच्यातून निघालेली बारीक वायर दिसली, तर तो बॅटरीचा सेन्सर. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये हेडलाइट लावले की व्होल्टेज १३.५ च्या वर स्थिर होतं. तुमच्याकडे तसं झालं, तर काळजीचं कारण उरत नाही.

शिवाय सॉकेटवरचा आकडा खऱ्यापेक्षा ०.२-०.३ व्होल्टने कमी असू शकतो, कारण मधली वायर, फ्यूज आणि अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारी जोडणी) थोडं थोडं खातात. निदान करायचं तर मल्टीमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकात आहे ना, ते आधी बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली तर बॅटरी मीटरमधूनच शॉर्ट होते.

सुरुवात बंद गाडीपासून. गाडी रात्रभर उभी राहू द्या, कारण नुकत्याच चाललेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरचं व्होल्टेज साचलेलं असतं आणि आकडा फुगलेला दिसतो. सकाळी दार उघडण्याआधी बॉनेट उघडं मिळेल अशी सोय करून ठेवा, नाहीतर आतले दिवे आणि कंप्युटर जागे होतात. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. एजीएम बॅटरी (जिच्यात अॅसिड काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं) असेल तर भरलेली १२.८ च्या पुढे दाखवते. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली, तर बहुतेक एक सेल शॉर्ट झालाय. तिच्यावर वेळ घालवू नका.

मग दुसऱ्याला सेल मारायला सांगा आणि मीटर बघा. किमान आकडा धरून ठेवणारं बटण असेल तर ते वापरा, कारण साध्या मीटरला तो क्षण पकडता येत नाही. १० च्या वर राहिलं तर छान. चार्ज असलेली बॅटरी उबदार हवेतही ९.६ च्या खाली जात असेल, तर ती थकली आहे.

आता इंजिन चालू. आधी भाराशिवाय बघा, मग हेडलाइट, ब्लोअर पूर्ण आणि मागच्या काचेचा हीटर लावा. आयडलिंगला आकडा १३.२ पर्यंत उतरला आणि रेस देऊन १५००-२००० आरपीएमला १३.८ च्या पुढे आला, तर अल्टरनेटर बरा आहे. आयडलिंगला तो हळू फिरतो, पूर्ण करंट देऊच शकत नाही. रेस देऊनही १३ च्या खालीच राहिलं आणि हेडलाइट लावूनही गाडी व्होल्टेज चढवत नसेल, तर आधी बेल्ट बघा. सैल, चकाकणारा किंवा तेलाने ओला बेल्ट भार आला की घसरतो. त्यानंतर संशय रोटरला करंट पोचवणाऱ्या, घिसलेल्या कार्बन ब्रशवर, रेग्युलेटरवर, डायोडवर (अल्टरनेटरच्या एसी विजेची डीसी करणारे भाग).

पण त्याच्याही आधी एक चाचणी कराच, कारण ती न केल्यामुळे चांगले अल्टरनेटर बदलले जातात. इंजिन चालू, सगळा भार लावलेला. मीटरची एक वायर अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लस खांबावर, क्लॅम्पवर नाही. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती वायर, तिचा मोठा फ्यूज किंवा जोड खराब आहे. तसंच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा; तिथे ०.२ च्या वर गेलं तर इंजिनची अर्थची पट्टी गंजली आहे. अल्टरनेटर १४.३ देतो आणि बॅटरीला १३.४ मिळतं, ही तक्रार इथेच सापडते. वायर फिरत्या बेल्टपासून लांब धरा.

डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा. ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेलाय. असा अल्टरनेटर चालू गाडीत १३.८ दाखवू शकतो आणि तोच डायोड गळका असेल तर गाडी बंद असताना बॅटरी पितो. झोपलेल्या गाडीचा खप साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. तोच ५०० झाला तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत अर्ध्याच्या खाली येते.

सतत १५ च्या वर आकडा राहिला, बॅटरीतलं पाणी भराभर आटलं किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर गाडी चालवू नका. रेग्युलेटर गेला आहे. आणि अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी युक्ती कृपा करून वापरू नका. त्या क्षणी व्होल्टेज ४० च्याही वर उसळू शकतं आणि महागडे कंप्युटर जळतात.

अल्टरनेटर खरोखरच बदलावा लागला, तर रिकामी झालेली बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. नव्या अल्टरनेटरला तासन् तास पूर्ण करंट ओकायला लावलं तर तो तापून लवकर मरतो. सेन्सरवाली गाडी असेल, तर चार्जरचा काळा चिमटा बॅटरीच्या खांबाऐवजी बॉडीच्या अर्थला लावा, म्हणजे आत गेलेला चार्ज सेन्सरच्या हिशेबात येतो. बॅटरी बदलाल तेव्हा एजीएमच्या जागी एजीएमच घाला आणि काही गाड्यांमध्ये स्कॅनरने नव्या बॅटरीची नोंद करावी लागते, ती करून घ्या. नाहीतर कंप्युटर तिला जुनीच समजून चार्ज करत राहतो.