प्लॉटचे सगळे पैसे दिले, नोटरी केलेलं साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) हातात आहे. मालक मी झालो का?

नाही, अजून मालक विकणाराच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 स्पष्ट सांगतं की साठेखताने जमिनीत कुठलाही हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या अशा 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठरवून टाकलंय. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, इथेच बहुतेकांची गल्लत होते. पैसे बँकेतून दिले असतील तर उत्तम, पण तो फक्त पैसे दिल्याचा पुरावा.

आता मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत करा. सही झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीला दाखल करावं लागतं. मग तलाठ्याकडे फेरफार. सातबारावर नाव चढवायचंच, मात्र तो महसुली अभिलेख आहे, मालकीचा दाखला नाही.

एक अपवाद ध्यानात घ्या: साठेखत नोंदणीकृत असतं आणि त्यानुसार ताबाही मिळाला असता, तर याच कायद्याच्या कलम 53-अ खाली निदान तो ताबा राखता आला असता. विकणारा टाळाटाळ करत असेल तर करारपूर्तीच्या (कोर्टामार्फत खरेदीखत करून घेण्याच्या) दाव्याची मुदत तीन वर्षं असते. साठेखतात खरेदीखतासाठी ठरलेली तारीख आजच बघा.