तापमान वाढवलं की काजळी कमी दिसते, म्हणजे मोजणी चुकतेय का?

शॉक ट्यूबमध्ये, म्हणजे धक्का-लहरीने वायू क्षणात तापवणाऱ्या नळीत, टोल्युइन या इंधनाचं आरगॉनमधलं मिश्रण २००० केल्विनच्या पुढे नेलं की लेझरला (आरपार जाताना त्याचा किती प्रकाश अडतो, यावरून काजळी मोजतात) काजळी कमी दिसते, हे खरं मानायचं का, असं तुम्ही विचारलंय. माना. तापमानानुसार काजळीचा आलेख घंटेसारखाच येतो. तापमान कमी असलं तर रेणू वेळेत फुटत नाहीत, फार वाढलं तर कार्बनच्या ज्या वलयांतून काजळीचा कण घडायचा ती वलयंच टिकत नाहीत.

याच उतरत्या बाजूने माझ्या पीएचडीचं एक वर्ष खाल्लं. गाईड म्हणाले, "खिडक्या मळल्यात, ते पॉइंट काढून टाक." अहो, खिडकी मळली तर प्रकाश अडेल, काजळी जास्त दिसेल, कमी कशी दिसेल? शिवाय शॉटआधीचा (शॉट म्हणजे ट्यूबमधला एक प्रयोग) प्रकाश आपण दर वेळी नव्याने नोंदवतो. हे मी मीटिंगमध्ये बोललो, कोणी साथ दिली नाही. मग प्रत्येक शॉटनंतर खिडक्या काढून पुसायच्या, नवा डायफ्रॅम (लहर सोडताना फुटणारा पडदा), पुन्हा व्हॅक्यूम. दिवसाला तीन शॉट, आणि एका शॉटमधून हाती लागतात जेमतेम दोन मिलिसेकंद. पॉइंट होते तिथेच आले.

संशय घ्यायचाच होता तर तापलेल्या काजळीच्या स्वतःच्या उजेडावर घ्यायचा. तो डिटेक्टरवर पडला की काजळी कमी भासते, आणि तापमानाबरोबर तो वाढतोही. शेजारच्या लॅबमधल्या एका सीनियर ताईने हे सुचवलं. लेझर झाकून शॉट घेतले. ६३३ नॅनोमीटरच्या, म्हणजे फक्त लेझरचा रंग आत सोडणाऱ्या, फिल्टरमागे डिटेक्टरची रेघ जवळपास सपाट, म्हणजे हा उजेड नगण्य. तरी थीसिसमधून ते पॉइंट गेलेच. अजून सलतं. तुम्ही लेझर झाकून शॉट घ्या आणि एकही पॉइंट काढू नका, कोणीही सांगो.

टक्केवारीवरून, म्हणजे इंधनातल्या कार्बनपैकी किती काजळी झाली (यील्ड) यावरून, मात्र भांडू नका. काजळीचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वाकवते आणि शोषते, तो आकडा) १.५७ - ०.५६आय घेतला तर ई(एम), म्हणजे हिशेबात धरायची काजळीची शोषणक्षमता, ०.२६ येतो, १.९० - ०.५५आय घेतला तर ०.१९. सिग्नल तोच, पण २० टक्के काजळीची २७ टक्के होते. कोणता आकडा वापरला हे न लिहिता यील्ड छापणाऱ्यांचे पेपर मी बाजूला ठेवतो.

हे सगळं ऑक्सिजन नसलेल्या मिश्रणाबद्दल. तुमच्यात तो असेल तर काजळी जळतेही, तो हिशेब वेगळा. आणि ६३३ला मोठी सुगंधी (ॲरोमॅटिक, बेंझीनसारखी) वलयंही प्रकाश शोषतात, काजळी नसताना काजळी दाखवतात. जमलं तर सोबत अवरक्त लेझर लावा. ही गडबड कमी तापमानाच्या बाजूला जास्त होते, आणि तिथल्या पॉइंटवर आमच्याकडे कोणी कधी बोट ठेवलं नाही.