गलबत फुटलं, बुडालं की लागलं?

आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या जहाज-दुर्घटनांवरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या वाचक बाईंचे दोन प्रश्न आहेत. 'शिपरेक'साठी नौकाभंग, जहाजबुडी, भग्नावशेष यांपैकी कोणता शब्द लेखभर वापरावा? आणि १५८८ सालच्या स्पॅनिश आरमाराबद्दलचं "तीन जहाजं स्ट्रीडाच्या किनाऱ्याला लागली" हे त्यांचं वाक्य संपादकांनी खोडलं, ते का?

आधी दुसरा प्रश्न, कारण त्यात पहिल्याचं उत्तर दडलेलं आहे.

संपादकांचं बरोबर आहे. मराठीत जहाज किनाऱ्याला लागलं म्हणजे सुखरूप पोचलं. होडी धक्क्याला लागते, गलबत बंदराला लागतं. कर्ज फिटलं, मुलं मार्गी लागली की आपण म्हणतो, तारू किनाऱ्याला लागलं. स्ट्रीडाला झालं ते याच्या अगदी उलट. इंग्लंडवरची मोहीम फसल्यावर आरमार स्कॉटलंडला वळसा घालून आयर्लंडच्या पश्चिमेकडून स्पेनला परतत होतं. त्यातली लाविया, जुलियाना आणि सांता मारिया दे विझोन ही तीन जहाजं सप्टेंबरात स्लायगो परगण्यातल्या या स्ट्रीडाच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभी होती. वादळ झालं, नांगरांनी दगा दिला आणि वाऱ्याने तिन्ही जहाजं वाळूवर आणून आपटली. फ्रान्सिस्को दे क्वेयार हा कप्तान त्यातून वाचला. तासाभरात तिन्ही जहाजांचे तुकडे झाले, असं त्याने पुढे पत्रात लिहिलं. म्हणजे जहाजं किनाऱ्यावर आपटली आणि फुटली. जेफ्री फेंटन या इंग्रज अधिकाऱ्याने नंतर पाच मैलांहून कमी लांबीच्या त्या पुळणीवर ११०० हून अधिक प्रेतं मोजली. ती मात्र किनाऱ्याला लागली होती. तिथे हेच क्रियापद अगदी योग्य आहे, कारण प्रेत आपण होऊन कुठे जात नाही, पाणी नेईल तिथे लागतं.

आता पहिला प्रश्न. माझं स्पष्ट मत असं की एकच शब्द लेखभर चालवू नका. इंग्रजीत जहाज कसंही गेलं तरी तो एक शब्द पुरतो. घटनेलाही तोच आणि तळाशी पडलेल्या सांगाड्यालाही तोच. मराठीचा जीव क्रियापदात आहे. खडकावर किंवा किनाऱ्यावर आदळून मोडलं तर गलबत फुटतं. पाणी भरून किंवा उलटून गेलं तर बुडतं. उथळ पाण्यात अडकलं तर रुततं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती बोट 'बुडाली' असंच घरोघर म्हणतात. ती 'फुटली' असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, 'नौकाभंग' तर नाहीच. नौकाभंग शब्द चुकीचा नाही, पण त्यात फक्त 'फुटणं' येतं, 'बुडणं' येत नाही. शिवाय सुट्या 'नौका' शब्दाने डोळ्यांपुढे लहान होडी येते.

गंमत म्हणजे आयरिश भाषेतही असे दोन शब्द आहेत. 'लाँग' म्हणजे जहाज. त्याला मोडण्याचा शब्द जोडून होतो 'लाँगव्रिशा', म्हणजे जहाज फुटणं, आणि बुडण्याचा शब्द जोडून होतो 'लाँगवा', म्हणजे जहाज बुडणं. (उच्चार ढोबळ दिले आहेत, प्रांताप्रमाणे बदलतात.) आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या फळ्या, पिंपं, मालाचे गठ्ठे यांना तिसराच शब्द, 'रॅक'. पहिल्या महायुद्धात जहाजांमागून जहाजं बुडत होती तेव्हा केरीतल्या ब्लास्केट बेटांवरची माणसं हा रॅक गोळा करत. मराठीत त्याला सरळ 'वाहून आलेला माल' म्हणा, घडीव शब्द शोधू नका.

तुमच्या लेखात त्याच आरमारातल्या आलोन्सो दे लेयवा या सेनानीची हकिगत असेलच. नसेल तर जरूर घाला, कारण आपली तिन्ही क्रियापदं तिथे एकाच माणसाच्या वाट्याला येतात. त्याचं राता एन्कोरोनादा हे जहाज मेयोच्या ब्लॅकसॉड उपसागरात रुतलं. लोकांना उतरवून त्याने ते जाळलं आणि सगळे ड्यूकेसा सांता आना या दुसऱ्या जहाजावर चढले. तेही डोनेगलमध्ये किनाऱ्यावर जाऊन आदळलं. जखमी लेयवाला उचलून माणसं चालत किलीबेग्सला गेली. तिथे गिरोना होतं, शिडं आणि वल्ही दोन्ही असलेलं जहाज. कोंबून सुमारे १३०० माणसं त्यात बसली. ऑक्टोबर अखेरीस अँट्रिमच्या लाकाडा टोकाजवळच्या खडकांवर गिरोना फुटलं आणि बुडालं. वाचले ते मोजकेच, लेयवा त्यांत नव्हता. या तिन्ही प्रसंगांना 'जहाजबुडी' लिहिलंत, तर रुतलेल्या जहाजातून उतरलेल्या माणसांची पुन्हा जागलेली आशा वाचकापर्यंत पोचणार नाही.

आणखी एक जागा नीट सांभाळा. ७ मे १९१५ ला आयर्लंडच्या किन्सेल गावाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने लुसिटानिया जहाज जेमतेम १८ मिनिटांत तळाला गेलं, सुमारे १२०० माणसं मेली. ते 'बुडालं' की 'बुडवलं'? किन्सेलच्या स्थानिक ज्यूरीने तीनच दिवसांत हा जाणूनबुजून केलेला खून आहे असा निवाडा दिला आणि त्यात जर्मन सम्राट कैसरचंही नाव घेतलं. अशा ठिकाणी 'बुडवलं'च लिहा. 'जहाजबुडी' या नामात बुडवणारा दिसेनासा होतो. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या आयरिश ईस्टर उठावासाठी जर्मन शस्त्रं आणणारं ऑड जहाज पकडलं गेल्यावर त्याच्या कप्तानानेच ते कॉर्क बंदराच्या तोंडाशी बुडवलं. तिथेही 'बुडवलं' हे प्रयोजक रूपच हवं.

राहिला सांगाडा. आयर्लंडच्या १९८७ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा सगळ्या जहाजांना संरक्षण आहे. कायद्याबद्दल लिहिताना 'बुडालेल्या जहाजांचे अवशेष' हे लांबलचक असलं तरी नेमकं आहे. 'भग्नावशेष' मात्र टाळा. त्या शब्दाने देवळाचे खांब आणि पडके वाडे डोळ्यांपुढे येतात, शेवाळलेली तोफ येत नाही. रोबेर स्तेनुई या बेल्जियन पाणबुड्याने १९६७ पासून गिरोनाच्या जागी शोध घेतला. त्याला सोन्याची एक अंगठी मिळाली. तिच्यावर हृदय धरलेला हात आहे आणि स्पॅनिशमध्ये कोरलं आहे, "तुला द्यायला माझ्याजवळ याहून जास्त काही नाही." आज ती बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. ही अंगठी 'भग्नावशेषांत आढळली' असं नका लिहू. 'फुटलेल्या गिरोनाच्या जागी सापडली' असं लिहा.