चौदावा दिवस आणि रजेचं कारण

“मॅडम, माझी पाळीच वेळेवर येत नाही, मग दिवस राहणार कुठून?”

हा प्रश्न मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी समुपदेशनाला बसते. त्या दिवशी समोर होती मेघना (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत). वय सत्तावीस, लग्नाला अडीच वर्षं, वजन 70 किलो. नवरा चाकणला कंपनीत. घरी ती आणि सासू.

तिच्याजवळ सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट होता आणि त्यावर ‘पीसीओडी’ (बीजांडं वेळेवर पिकत नाहीत आणि पाळी लांबते, तो विकार). “अंडाशयात गाठी आहेत,” ती म्हणाली. “आत्या म्हणतात, गाठीवाल्या बाईला मूल होत नाही.”

आधी त्या गाठींचं निस्तरलं. त्या गाठी नसतातच. पूर्ण न पिकता तशीच थांबलेली, बीजांडांची बारीक बारीक पुटकुळं असतात ती. त्यांचं ऑपरेशन करून घ्यायला निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून या शब्दाचा मला रागच आहे.

मग मी पाळीच्या तारखा मागितल्या. तिने पर्समधून दिनदर्शिकेची फाडलेली पानं काढली. स्वयंपाकघरातली दिनदर्शिका, दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, भिशी आणि मधूनच एक बारीक टिंब. टिंब म्हणजे पाळी. सासूला कळू नये म्हणून टिंब. (सासूला अर्थातच कळत होतं.) मी अंतरं मोजली. 38, 45, 34, 52, 41, 60, 36, 44. साडेअकरा महिन्यांत आठ पाळ्या.

“आणि तुम्ही दोघं एकत्र कधी येता?”

ती लाजली, पण सांगितलं. मोबाइलमधल्या अ‍ॅपने चौदावा दिवस दाखवला होता. त्यात पाळीचं चक्र 28 दिवसांचं धरलेलं, ते हिने कधी बदललंच नव्हतं. नवरा त्या चौदाव्या दिवशी खास रजा टाकून यायचा. दर वेळी सुपरवायझरला नवं कारण: कधी विहिरीवरची मोटर जळाली, कधी चुलत्याचं बारावं. एरवी गुरुवारच्या सुट्टीला घरी आला तरी जवळ यायचा नाही, कारण कुणा मित्राने सांगितलेलं, बाकीचे दिवस राखून ठेवलं की ताकद साठते.

मला हसू आलं नाही. चौदा महिने ही दोघं इमानेइतबारे चुकीच्या दिवशी भेटत होती.

मी कागद पुढे ओढला. बीजांड सुटण्याचा दिवस पाळी आल्यापासून मोजायचा नसतो, तो पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा. बीजांड सुटल्यावर पाळी यायला साधारण चौदा दिवस लागतात, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणजे हिच्या 34 दिवसांच्या चक्रात बीजांड सुटलं असेल तर विसाव्या दिवसाच्या आसपास, आणि 52 दिवसांच्या चक्रात थेट अडतिसाव्या. चौदाव्या दिवशी तिथे कुणीच नव्हतं.

“पण मग मला आधी कसं कळणार, पाळी कधी येणार ते?”

नेमका प्रश्न. नाही कळणार, म्हणून दिवस पकडायच्या फंदात पडायचं नाही. बीजांड जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू पोषक स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. नवरा दर बुधवारी रात्री येऊन गुरुवारी राहिला, तरी आठवड्याचे बरेच दिवस झाकले जातात. राखून ठेवल्याने ताकद साठत नाही, उलट फार दिवस गेले की शुक्राणूंची हालचाल मंदावते. आणि एक खूण सांगितली: अंगावरचा स्राव एरवी चिकट, पांढरट असतो, बीजांड सुटायच्या आधी तो पातळ, पारदर्शक होतो आणि दोन बोटांत धरला तर एकतारी पाकासारखी तार येते. लघवीवर तपासायच्या पट्ट्यांबद्दलही तिने विचारलं. पीसीओडीत त्या पट्ट्या कधीकधी उगाचच होकार देतात, म्हणून मी त्यांच्या भरवशावर राहू देत नाही.

मग तिचा मूळ प्रश्न. दिवस राहू शकतात का? राहू शकतात. सगळं सुरळीत असलेल्या तरुण जोडप्यालाही एका चक्रात शक्यता साधारण चार-पाचात एक एवढीच असते. त्यांना वर्षाला बारा-तेरा संधी मिळतात, हिला आठ, आणि त्यातल्या एखाद्या चक्रात बीजांड सुटतही नसेल. पाळी आणायच्या गोळ्या घेऊन जो रक्तस्राव होतो, त्यावरून बीजांड सुटलं असं समजायचं नाही. आणि पाळी चुकली की आधी लघवीची तपासणी, मगच असल्या गोळ्या. हे मी प्रत्येकीला दोनदा सांगते, कारण पाळी अनियमित आहे म्हणून ‘आपल्याला काय राहतंय’ असं धरून बिनधास्त राहिलेल्या बायकाही इथेच, याच खुर्चीवर, चौथ्या महिन्यात येऊन रडल्या आहेत.

पाळी नियमित असेल आणि वय पस्तिशीच्या आत, तर वर्षभर वाट पाहायला हरकत नसते. हिच्यासारखीने तेवढं थांबू नये. डॉक्टरांनी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) तपासायला लावलं, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू केली, वजन साडेतीन-चार किलोने उतरवायला सांगितलं; तेवढ्यानेही अनेकींची पाळी ताळ्यावर येते. तरी जमलं नाही तर बीजांड पिकवायच्या गोळ्या आणि सोनोग्राफीवर लक्ष.

नवऱ्याची वीर्यतपासणी म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली. “ते नाही येणार, मॅडम.” मी फोन लावून मागितला. पाच मिनिटं तो ‘हो हो’ करत राहिला, आला तिसऱ्या गुरुवारी. रिपोर्ट ठीक निघाला. तिच्या तपासण्यांतही थायरॉइड किंचित वाढलेलं, एवढंच. त्याची गोळी सुरू झाली.

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. “मॅडम, तार दिसली. बत्तिसाव्या दिवशी. ह्यांना बोलावून घेतलं, बुधवारच होता.”

चौदा दिवसांनी पुन्हा फोन. मी जरा धास्तावूनच उचलला.

“पाळी आली,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “शेहेचाळिसाव्या दिवशी. तुमचा हिशोब बरोबर निघाला की.”