साडेतीन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच थिएटरमध्ये सिनेमाला न्यायचं आहे, सोबत आजी-आजोबाही असतील. वय योग्य आहे का? ती घाबरली, रडली तर काय करावं?

वयाचं आधी सांगते. घरी एका जागी बसून पंचवीस-तीस मिनिटं गोष्ट ऐकत असेल आणि अंधाराचं फार वावडं नसेल, तर साडेतीनला न्यायला हरकत नाही. तीनच्या आत मात्र नेऊ नये असंच मी म्हणेन. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी, की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. सिनेमा त्याच्या पुढेच जाणार, म्हणून त्या दिवशी घरचा टीव्ही आणि मोबाइल बंद.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वेळी इंटरव्हलपर्यंतचाच सिनेमा बघायचा, असं ठरवूनच तिकिटं काढा. आपल्याकडे परदेशी ॲनिमेशनपटालाही इंटरव्हल असतो. दीड तासाच्या सिनेमात तो पाऊण तासाच्या आसपास येतो, आणि तेवढाच लहान मुलाचा दम असतो. इंटरव्हलला दिवे लागलेले असतात, सगळेच उठतात, त्यामुळे कुणाला त्रास न देता बाहेर पडता येतं. तिला थांबायचं असेल तर थांबा, पण ‘पैसे दिलेत, आता बस’ हे वाक्य तोंडातून येता कामा नये. म्हणूनच जो सिनेमा तुम्हाला स्वतःला पूर्ण बघायचा आहे, तो या कामासाठी निवडू नका. अडीच तासांचा हिंदी सिनेमा तर नाहीच.

सिनेमा निवडताना प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’चे तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. यूएचं बंधन सल्ल्यापुरतं असतं, दारावर कुणी अडवणार नाही, पण तुमच्या मुलीसाठी साधा ‘यू’च घ्या. (‘ए’ सिनेमाला कडेवरचं बाळही आत सोडत नाहीत, हे नातेवाइकांच्या घोळक्यात कुणीतरी विसरतंच.) ‘यू’ असला तरी कथा आधी वाचा. ॲनिमेशनपटात सुरुवातीलाच आई किंवा बाबा जाण्याचा प्रसंग बऱ्याचदा असतो आणि या वयाला राक्षसापेक्षा तो जास्त लागतो. भाषेचंही बघा. इंग्रजी कळत नसेल तर दर दोन मिनिटांनी कानात भाषांतर करावं लागतं. कार्टूनमुळे हिंदी येत असेल तर हिंदी डब केलेला शो बरा. थ्रीडी नको, कारण चष्मा लहान नाकावरून घसरतो आणि चित्रही अंधूक दिसतं. हलत्या खुर्च्यांचा शो तर मुळीच नको.

खरा त्रास पडद्यापेक्षा आवाजाचा होतो. थिएटरची ध्वनियंत्रणा ८५ डेसिबलच्या पातळीला जुळवलेली असते आणि त्यावर वीस डेसिबलपर्यंत चढायला जागा ठेवलेली असते. दणके बसतात ते तिथे. मुलांसाठी कानावर बसणारे इअरमफ मिळतात, ते साधारण २० ते २५ डेसिबल कमी करतात. आधी दोन-तीन दिवस घरी खेळताना घालायला द्या, नाहीतर ऐन वेळी भिरकावून देईल. कापसाच्या बोळ्याने फारसा फरक पडत नाही, आणि फोमचे छोटे बोळे या वयाला देऊ नका, ते तोंडात जातात.

सीट घेताना बरेच जण शेवटची रांग पकडतात. पण सराउंड स्पीकर मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर असतात, तेव्हा भिंतीपासून दोन-तीन रांगा पुढे आणि जिन्यालगतची सीट घ्या. बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षांपुढे पूर्ण तिकीट लागतं. शो सकाळचा घ्या, तिच्या झोपेच्या वेळेशी भिडणारा नको.

खुर्चीची एक गंमत मोठ्यांच्या लक्षात येत नाही. थिएटरची बैठक स्प्रिंगने मागे दुमडते. पंधरा-सोळा किलोचं मूल मागे सरकलं की पुढची कड उचलली जाते आणि मूल घडीत अडकतं, पाय वर. ते दचकतं, आणि पुढचा सगळा वेळ मांडीवरून हलत नाही. काही ठिकाणी मुलांसाठी उंच बैठक मागितल्यावर मिळते. नसेल तर तिला पूर्ण मागे न बसवता थोडं पुढे बसवा, पाठीमागे घडी घातलेली शाल ठेवा आणि तुमचा हात बैठकीच्या पुढच्या कडेवर असू द्या. महाराष्ट्रात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळे उभे राहिले की बैठक पुन्हा दुमडते. बसताना आधी ती हाताने खाली दाबा, मग तिला बसवा. रिक्लायनर असेल तर पायाचा भाग बंद होताना खालच्या फटीत पाय किंवा बोटं येतात, म्हणून बटण तिच्या हाती लागू देऊ नका.

वीस मिनिटं आधी पोचा. तिकिटावरच्या वेळेनंतर जाहिराती आणि ट्रेलर पंधरा-वीस मिनिटं चालतात, आणि ते सिनेमापेक्षा अंगावर येतात. त्यात तंबाखूविरोधी जाहिरात असते, तोंडाच्या कर्करोगाची चित्रं दाखवणारी. मोठ्यांना ती पाठ झालीये, साडेतीन वर्षांच्या मुलीला नाही. तेव्हा दिवे चालू असताना आत जाऊन तिला पडदा, जिन्यावरचे छोटे दिवे आणि आपली जागा दाखवा. जाहिराती सुरू झाल्या की तिला घेऊन बाहेर लॉबीत फिरा, आजी-आजोबा जागेवर बसून राहतील. सिनेमा सुरू होताना त्यांनी फोन करावा. इंटरव्हलनंतरही जाहिराती असतात, तेव्हाही हेच.

बाथरूम आधीच उरकून घ्या, पण हात वाळवायचं यंत्र टाळा. त्या अचानक घोंघावण्यानेच काही मुलं आत शिरण्याआधी रडायला लागतात. रुमाल न्या. एसीसाठी स्वेटर आणि मोजे, शिवाय एक जादा चड्डी.

खाण्याचं बघू. बाहेरचे पदार्थ आणायला थिएटर मनाई करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं. पण पिण्याचं पाणी मोफत द्यायला हवं आणि तान्ह्या बाळासाठीचं खाणं नेऊ द्यायला हवं, हेही त्यातच आहे. साडेतीन वर्षं म्हणजे तान्हं नव्हे, तरी केळं किंवा पोळीचा रोल असलेला छोटा डबा दाखवून नीट विचारलं तर बहुधा सोडतात. नाहीच सोडलं तर घरून पोट भरून आणलेलं असावं. पॉपकॉर्न तिला देऊ नका. चार वर्षांच्या आत ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो, त्यात अंधारात तोंडात काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. आजोबांच्या हातातला टबही तिच्यापासून लांब.

घाबरली तर डोळे झाकू नका. भीती बहुतेक वेळा पार्श्वसंगीतातून येते, आणि डोळे झाकले की नुसता आवाज उरतो, तो जास्त भयाण वाटतो. तिचं तोंड तुमच्याकडे वळवा, कानांवर हात ठेवा आणि चालू आहे ते हळू आवाजात सांगा: ‘तो ओरडतोय, आता पळून जाईल.’ अर्ध्या मिनिटात शांत झाली नाही तर उचलून बाहेर. कोण उठणार हे घरीच ठरवा, आणि गाडीची किल्ली व पाण्याची बाटली त्याच्याचकडे द्या. नाहीतर अंधारात ‘तू जा, मी जाते’ चालू होतं. बाहेर पाच मिनिटं बसून तिलाच विचारा, परत जायचं का. गप्प करण्यासाठी मोबाइल हातात देऊ नका, त्या उजेडाचा मागच्या दोन रांगांना त्रास होतो.

घरची तयारी फार नाही. एका संध्याकाळी पडदे ओढून, दिवे बंद करून वीस मिनिटं टीव्ही बघा आणि त्यात ‘थांबव’ किंवा ‘परत लाव’ म्हटलं तरी थांबवू नका. हल्लीच्या मुलांना न थांबणारं चित्र ठाऊकच नसतं, थिएटरमधली अर्धी भुणभुण त्याचीच असते.

एवढं करूनही ती बिचकेल असं वाटत असेल, तर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आधी एखादं बालनाट्य दाखवा. तिथे आवाज सौम्य असतो, मध्ये बोललेलं खपतं, आणि राक्षस झालेला नट प्रयोगानंतर मुखवटा काढून भेटतोही.