कोकण किनाऱ्यावरच्या गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा खेळायला जाताना कोणते क्लब न्यावेत?

ड्रायव्हिंग रेंजवर सराव झालाय आणि डिसेंबरात दक्षिण गोव्यातल्या काणकोणला जाताय, असं तुम्ही लिहिलंय. क्लबांचं नंतर बघू, आधी वेळ ठरवा. किनाऱ्यावरचा खेळ निम्मा वाऱ्यावर चालतो आणि वारा घड्याळावर. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून हलका मतलई वारा असतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, मग खारा वारा उठतो आणि दुपारी चांगलाच जोर धरतो.

तिथल्या राजबागच्या ललित रिसॉर्टचा कोर्स 9 होलचा आहे, पण प्रत्येक होलला दोन-दोन टी (पहिला फटका मारायच्या जागा) असल्यामुळे 18 खेळता येतात. चौघांना 9 होलला सव्वादोन तास सहज लागतात. म्हणजे आठला सुरुवात केलीत तर दुसऱ्या फेरीत तेच होल उलट्या वाऱ्यात येणार. पहिल्या खेपेला सुरुवातीची वेळ सातची घ्या, 9 होल खेळा आणि थांबा. रिसॉर्टमध्ये मुक्काम नसेल तर आधी फोन करा. (समुद्राचा हट्ट नसेल तर नवी मुंबईत सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स आहे. तिथे सदस्य नसलात तरी ग्रीन फी भरून खेळता येतं.)

वारा बघायचा तो माडाच्या शेंड्यांवर, पायाखालच्या गवतावर नाही. टी सुरूच्या झाडांआड असेल तर तिथे पान हलत नाही, पण बॉल शेंड्यांच्या वर गेला की वाऱ्यात सापडतो. समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा असेल तर 150 यार्डांचा फटका साधारण 15 यार्ड तोकडा पडतो. अशा वेळी जोर वाढवू नका. जोरात मारलं की बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) वाढतो आणि बॉल वर चढून जागच्या जागी पडतो. सातऐवजी पाच नंबरची आयर्न घ्या (आयर्न म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब, नंबर लहान तितका फटका लांब), ग्रिप इंचभर खाली धरा, बॉल किंचित मागच्या पायाकडे ठेवा आणि तीन चतुर्थांश स्विंग करा. वारा पाठीमागून असेल तर फायदा जेमतेम निम्माच होतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

सकाळी दव असतं, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) बॉल हळू घरंगळतो, म्हणून तिथला फटका, म्हणजे पट, थोडा ठासून मारा. ऊन चढलं की गणित बदलतं. त्यातही जांभ्यावर मातीचा थर पातळ असेल तर बॉल टणकन उसळतो, म्हणून ग्रीनच्या 10-15 यार्ड अलीकडे पाडून घरंगळू द्या. रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) खाली दगड लागला तर क्लबची आणि मनगटाची दोघांचीही वाट लागते. तिथे बॉल अनप्लेएबल (खेळता न येणारा) म्हणून एका फटक्याची पेनल्टी घ्या, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल ड्रॉप करा, म्हणजे हातातून सोडा, आणि पुढे चला.

झुडपात हात घालून बॉल शोधू नका. कोकणात फुरसं आहे, घोणस आहे. 2019 पासून शोधायला तशीही तीनच मिनिटं मिळतात. बॉलजवळ विषारी साप दिसला तर नियमानुसार बिनपेनल्टीचा ड्रॉप मिळतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता क्लब. नियमाने 14 चालतात, तुम्हाला सात पुरेत: एक हायब्रिड (लांब फटक्यासाठी), पाच, सात आणि नऊ नंबरच्या आयर्न, पिचिंग वेज आणि सँड वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी), पटर (ग्रीनवर वापरायचा). ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, घरीच ठेवा. भाड्याचा सेट घेणार असाल तर ग्रिप गुळगुळीत झालेत का ते आधी हातात घेऊन बघा, दमट हवेत असा क्लब हातातून फिरतो. डावखुरे असाल तर सेट मिळेल का ते बुकिंग करतानाच विचारा. दोन हातमोजे, डझनभर जुने बॉल, कॉलरचा टी-शर्ट हवा. जीन्स बहुतेक ठिकाणी चालत नाही.

स्वतःचे क्लब नेलेत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडे करा आणि बॅग रात्रभर उघडी ठेवा. क्रोम नसलेल्या वेजवर खाऱ्या हवेत फार लवकर गंज धरतो.